थॉमसन पॅराबोलात प्रोटॉनची ऊर्जा कमी का दिसत होती?

थॉमसन पॅराबोला म्हणजे कणांची ऊर्जा मोजायचं यंत्र: विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून वळलेले कण डिटेक्टर प्लेटवर पॅराबोलाच्या आकाराची रेघ उमटवतात, आणि कण किती वळला यावरून ऊर्जा काढतात. लेझर शॉटमधून निघालेल्या प्रोटॉनची अशी प्लेट घेऊन पुण्यात परतलो, हिशेबाला बसलो. डिटेक्टरवर १४ मायक्रॉनचं ॲल्युमिनियम फॉइल होतं. ते साधारण १ एमईव्हीपर्यंतचे (एमईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक) प्रोटॉन अडवतं. म्हणजे पॅराबोला तिथेच तुटायला हवा. माझ्या गणितात तुटला ०.८ वर! व्होल्टेज तपासलं, अंतरं पुन्हा मोजली, सगळं बरोबर. शेवटी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून चुंबकीय क्षेत्र मोजणारा हॉल सेन्सर आणला, पट्टीवर चिकटवला आणि पाच-पाच मिलिमीटर सरकवत चुंबकाच्या टोकाबाहेर नेला. आकडा शून्यावर यायलाच तयार नाही. क्षेत्र बाहेरही रेंगाळत होतं आणि मी ते चुंबकाच्या लांबीपुरतंच धरलं होतं. गणितातली ऊर्जा प्रोटॉनच्या वाटेवरच्या क्षेत्राच्या एकूण बेरजेच्या वर्गात जाते, त्यामुळे १२ टक्क्यांची चूक थेट २५ टक्के होते. मोजलेलं क्षेत्र गणितात घातलं. पॅराबोला तुटण्याची कड १ वर आली.