हुमणीसाठी मेटारायझियम: मातीतले जिवाणू आड येतात का, ते असं तपासा

निफाड-दिंडोरीच्या काळ्या जमिनीत मेटारायझियम ही अळीला मारणारी बुरशी सोडूनही हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, मेली नाही, की सगळा दोष पाकिटावर जातो. आधी माती तपासावी. स्युडोमोनास, बॅसिलस, स्ट्रेप्टोमायसिस हे जिवाणू बुरशीच्या बीजाणूंना (बियांसारख्या सूक्ष्म कणांना) लागणारं अन्न आधीच फस्त करतात, शिवाय प्रतिजैविकं सोडतात. बीजाणू लगेच मरत नाहीत, पण रुजतही नाहीत. अळीच्या कातडीला चिकटले तर मात्र तिथे रुजतात. म्हणून बुरशी मातीत वाढवण्यापेक्षा अळीपर्यंत पोचवणं महत्त्वाचं.

मुळांजवळची १० ते १५ सेंमी खोलीची माती चाळून प्रत्येकी २०० ग्रॅमचे तीन भाग करा. एक भाग कुकरमध्ये तासभर वाफवा, गार करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफवा. बॅसिलसचे काही बीजाणू पहिल्या वाफेतून वाचू शकतात आणि रात्रीतून रुजतात. दुसरी वाफ त्यांच्यासाठी. वाफवलेल्या आणि एका कच्च्या भागात अर्धा-अर्धा ग्रॅम मेटारायझियम मिसळा. जास्त टाकलं तर फरक झाकला जातो. तिसरा भाग तुलनेसाठी तसाच ठेवा. मूठ दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये, इतकाच ओलावा. प्रत्येक डब्यात पिठातल्या १० अळ्या सोडा, झाकणाला भोकं पाडा आणि डबे सावलीत २५ ते २८ अंशांवर १४ दिवस ठेवा.

मेलेली अळी ओल्या टिपकागदावर ठेवा. आधी पांढरी, मग हिरवी बुरशी आली तर ते मेटारायझियम. काळी, मऊ, वास मारणारी अळी जिवाणूंनी मेलेली असते. ती मोजू नका. वाफवलेल्या मातीत जास्त आणि मेटारायझियम मिसळलेल्या कच्च्या मातीत कमी अळ्या बुरशीने मेल्या, तर जिवाणूंचा अडथळा असावा. दोन्हींत कमी मेल्या तर पाकीट जुनं किंवा उन्हात तापलेलं असावं. दहा अळ्या थोड्याच आहेत, तेव्हा चाचणी दोनदा करा.

शेतात जून-जुलैमध्ये, अळ्या लहान असताना, एकरी २ किलो मेटारायझियम १०० किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून त्याच संध्याकाळी मुळांजवळ मातीआड करा. पाकिटावरची मात्रा वेगळी असेल तर ती पाळा. ढीग लावून आठवडाभर ‘वाढवण्याची’ पद्धत ट्रायकोडर्मा या दुसऱ्या उपयोगी बुरशीला चालते. मेटारायझियम मात्र शेणखतातल्या जिवाणूंपुढे फारसं टिकत नाही. जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण), बॅसिलस किंवा स्युडोमोनास मेटारायझियमसोबत कधीच मिसळू नका, १० ते १५ दिवसांचं अंतर ठेवा. बोर्डो आणि मॅन्कोझेबबाबतही हेच. ती तर बुरशीनाशकंच.