काजूबिया मांडून आवर्तसारणीतली जागा कशी काढावी

आवर्तसारणीत 118 मूलद्रव्यं आहेत. ती घोकायला हरकत नाही, पण पहिल्या 30 जणांची जागा, म्हणजे आवर्त (आडवी ओळ) आणि गण (उभा रकाना), नुसत्या अणुअंकावरून काढता येते. सारवलेलं खळं, चिमूटभर रांगोळी आणि मूठ-दोन मूठ काजूबिया एवढं पुरे. बिया सुक्याच घ्या, ओल्या बीचा चीक लागला की हाताची सालं निघतात.

एक बी म्हणजे एक इलेक्ट्रॉन. रांगोळीनं एकाबाहेर एक अशी चार वर्तुळं काढा; ही कवचं, म्हणजे केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉनांचे थर.

सुरुवात मिठापासून करू. शिरोड्याच्या मिठागरातलं असो की पिशवीतलं, त्यात सोडियम आणि क्लोरीन असतं. सोडियमचा अणुअंक 11, म्हणजे केंद्रकात 11 प्रोटॉन आणि बाहेर तेवढेच इलेक्ट्रॉन. आतल्या वर्तुळावर 2 बिया, दुसऱ्यावर 8, उरली एक ती तिसऱ्यावर. तीन वर्तुळं वापरली, म्हणून आवर्त तिसरं. शेवटच्यावर एकच बी, म्हणून गण पहिला.

आता शेजारी क्लोरीन मांडा: 17, म्हणजे 2, 8, 7. आवर्त तिसरंच, पण गण सातवा नव्हे. बाहेर 3 ते 8 बिया असल्या की त्यात 10 मिळवायचे, म्हणून गण 17. मग सोडियमची ती एकटी बी उचलून क्लोरीनच्या बाहेरच्या वर्तुळावर ठेवा. दोघांच्याही शेवटच्या कवचात आता आठ-आठ. मीठ तयार झालं!

खाडीतल्या तिसऱ्या आपण खातो, त्यांची शिंपली कॅल्शियम कार्बोनेटची. कॅल्शियमचा अणुअंक 20. इथे हमखास गडबड होते. तिसऱ्या कवचात 18 मावतात हे पाठ असतं, म्हणून मुलं उरलेल्या दहाही बिया तिथेच ठेवतात. पण सर्वांत बाहेरच्या कवचात आठाच्या वर चालत नाहीत. म्हणून 2, 8, 8, 2: आवर्त चौथं, गण दुसरा.

अणुवस्तुमानाच्या नादी लागू नका. रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीव्हनं 1869 साली त्यावर मांडणी केली खरी, पण अरगॉन (39.95) पोटॅशियमपेक्षा (39.10) जड असूनही आधी येतो. 1913 मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ मोजलेनं अणुअंकाचा आधार दिला आणि तो घोळ मिटला.

हेलियम मात्र नियम मोडतो. बिया दोनच, तरी जागा 18व्या गणात, कारण त्याचं एकुलतं कवच दोनातच भरतं आणि तो कोणाशी देवघेव करत नाही. विजयदुर्गावर 18 ऑगस्टला हेलियम दिन साजरा करतात, तो 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणामुळे. सूर्याच्या वर्णपटात सोडियमच्या पिवळ्या रेषांशेजारी, पण त्यांच्याहून वेगळी रेषा त्या वर्षी दिसली, ती याची. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरनं ती किल्ल्यावरून पाहिली असं गावात सांगतात, पण ते खरं नाही. त्याचं निरीक्षण ऑक्टोबरातलं, इंग्लंडमधलं.

विसाच्या पुढे हिशेब बदलतो. जांभ्याला तांबडा रंग देणारं लोखंड (26) मांडा: चौथ्या वर्तुळावर 2 तशाच ठेवून वाढीव बिया तिसऱ्यावर, म्हणजे 2, 8, 14, 2. तिसऱ्या कवचात आठाच्या वर 6, बाहेरचे 2, बेरीज 8. तोच गण. रत्नागिरीच्या काळ्या वाळूतल्या इल्मेनाइटमध्ये लोखंडासोबत टायटॅनियम (22) असतं: 2, 8, 10, 2, म्हणून गण चौथा. ही बेरीज स्कँडियमपासून (21) जस्तापर्यंत (30) चालते. गॅलियमला (31) पुन्हा बाहेरच्या बियांत 10 मिळवायला लागा.