जुनी गाडी तापतेय? रेडिएटर बदलण्याआधी या चुका टाळा

मे महिना लागला की फोन सुरू होतात. "गाडी हीट होतेय, रेडिएटर बदलू का?" मी उलट विचारतो, "कधी होते? सिग्नलला उभी असताना की घाट चढताना?" बहुतेकांनी ते पाहिलेलंच नसतं. पार्टची किंमत मात्र विचारून झालेली असते.

उभी असताना तापते आणि पळायला लागली की तापमानाचा काटा खाली येतो, तर आधी पंखा बघा. चढावर किंवा हायवेला तापते, तर पाणी नीट फिरत नाहीये नाहीतर रेडिएटर आतून चोंदलाय. निम्मं निदान इथेच होतं, तेही फुकटात.

एका मित्राची १९९८ ची मारुती ८००. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये काटा लाल पट्टीत, खंबाटकी घाटात मात्र एकदम शहाणी. पठ्ठ्याने आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून ठेवणारी झडप) काढून फेकला, मग वॉटर पंप बदलला, मग नवा रेडिएटर. तीन रविवार गेले, वर पैसे. माझ्याकडे आणली तेव्हा पंखा झकास फिरत होता, म्हणून मीही तासभर भलतीकडेच शोधत बसलो. शेवटी जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरला. या गाडीत पंखा रेडिएटरच्या मागे असतो आणि हवा आत खेचतो, म्हणजे कागद जाळीला चिकटायला हवा. तो उडून माझ्या तोंडावर आला! कुणीतरी मोटर बदलताना दोन वायरी उलट जोडल्या होत्या. पळताना समोरून वारा लागतो, पंख्याची गरजच पडत नाही, म्हणून हायवेला दुखणं लपत होतं. पाच मिनिटांचं काम. तेव्हापासून मी पान्याआधी कागद काढतो.

दुसरी डोक्यात जाणारी चूक म्हणजे "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, थर्मोस्टॅट काढून टाका." हे छातीठोकपणे सांगणारे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडतो. तो नसला की इंजिन वेळेत तापत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. त्यात अर्धा चोंदलेला रेडिएटर चार दिवस झाकला जातो आणि पुढच्या घाटात दगा देतो. संशय असेल तर थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका. पाणी उकळलं तरी उघडला नाही तर नवा आणा. पातेलं दुधाचं घेऊ नका, मी घेतलं होतं.

रेडिएटरच्या झाकणाकडे कुणी बघतच नाही. ०.९ किलो दाब धरणारं झाकण असेल तर पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर चिरलं की रिंग गेलेल्या कुकरसारखी गत. गरम असताना मात्र ते उघडू नका. हात भाजतो, आणि लाल काट्यावर गार पाणी ओतलं की अ‍ॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनचं वरचं टोपण, वाकतं. मग लेथवाल्याकडे फेसिंगला, म्हणजे ते घासून सपाट करायला, रांग लावा.

बोअरचं पाणी नको, आत क्षार धरतो. घट्ट (कॉन्सन्ट्रेट) कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं.

वॉटर पंप फिरवणारा बेल्ट ढिला आहे का, बोटाने दाबून बघा.

गळतीवर हळद टाकणाऱ्यांना हात जोडतो. भोक बुजतं आणि त्याबरोबर रेडिएटरच्या नळ्याही.

कूलंट भरून दोन मिनिटांत झाकण लावून पळणाऱ्यांची गाडी संध्याकाळी परत येते, कारण आत हवा अडकलेली असते. मी थंड इंजिनात भरतो, झाकण उघडं ठेवून चालू करतो, हीटर असेल तर पूर्ण गरमवर. बुडबुडे थांबेपर्यंत चहा घेतो.

बुडबुडे थांबतच नसतील आणि डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलही चहासारखं दुधाळ दिसत असेल, तर हेडखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, गेलंय. चावी काढा, टोइंगवाल्याला बोलवा. "गॅरेजपर्यंत हळूहळू नेतो" म्हणू नका.