आईच्या डोक्यातली यादी: कामं वाटून घेताना या चुका टाळा

पोळ्या कोण लाटतं आणि केर कोण काढतं हे घरातल्या सगळ्यांना दिसतं. पण मुलीचे शाळेचे बूट चावायला लागलेत, छोले आत्ता भिजत घातले नाहीत तर उद्या डब्याला काय, शनिवारच्या वाढदिवसाचं गिफ्ट आणायचंय, मावशी गुरुवारी येणार नाहीत, हे सगळं एकाच वेळी कोणाच्या डोक्यात फिरतंय ते दिसत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८. हा झाला हातांचा हिशेब. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून लसीची तारीख आठवणं कुठल्या रकान्यात लिहायचं?

यावर सगळे एकच उपाय सांगतात: कामं वाटून घ्या. घेतात बिचारे. तरी आईचं डोकं हलकं होत नाही, कारण वाटणी हातांची होते, डोक्याची नाही. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डॅमिंजर यांनी ३५ जोडप्यांशी बोलून २०१९ मध्ये हे नेमकं मांडलं. डोक्यातल्या कामाचे त्यांनी चार भाग केले: गरज आधीच हेरणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि काम झालं का यावर लक्ष ठेवणं. निर्णय बहुधा दोघं मिळून घेतात. हेरणं आणि लक्ष ठेवणं मात्र जास्त करून बायकांच्याच वाट्याला येतं. आपल्याकडे काय वेगळं आहे? शाळा कुठली हे ठरवायला बाबा हजर, फॉर्मची शेवटची तारीख लक्षात ठेवायला आई.

यादी करून देऊ नका

‘तू फक्त सांग गं, मी करतो.’ हेतू चांगलाच असतो. पण सांगायचं म्हणजे आधी आठवायचं, समोरच्याचा मूड बघून सांगायचं, दुसऱ्यांदा सांगितलं की ‘किती मागे लागतेस’ ऐकायचं, आणि संध्याकाळी झालं का ते विचारायचं. म्हणजे कटकट सगळी तुमच्याकडेच राहिली, फक्त फेरी त्याने मारली.

काम द्यायचं तर मुळासकट द्या. लसीकरण घ्या. ‘शनिवारी बाळाला डॉक्टरांकडे ने’ एवढंच सांगणं म्हणजे ड्रायव्हर नेमण्यासारखं आहे. लसींचं कार्ड त्याच्या कपाटात, पुढची तारीख त्याच्या फोनमध्ये. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस झाली, तिचा दुसरा डोस आणि ट्रिपलचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यायचा, हे त्याला कार्ड न मागता सांगता आलं पाहिजे. अपॉइंटमेंट त्याने घ्यायची, ऑफिसातून लवकर त्याने निघायचं. रात्री ताप आला तर कुठलं औषध किती द्यायचं हे डॉक्टरांना विचारून येणं हाही त्याच कामाचा भाग. अशी दोनच कामं पूर्ण गेली, तरी वीस फुटकळ कामं वाटण्यापेक्षा जास्त फरक पडतो.

दिलेलं काम परत ओढून घेऊ नका

इथे आपलीही गोची होते. डबा बाबांकडे दिला. त्यांनी पोळीच्या जाड गुंडाळ्या कोंबल्या, भेंडीचा रस झाकणातून दप्तरात. झालं, दुसऱ्या दिवशी आपण पहाटे ओट्याशी. ‘राहू दे, मीच करते’ हे वाक्य घरात एकदा रुळलं की ते काम पुन्हा कोणी हातात घेत नाही.

त्यापेक्षा ‘एवढं झालं तरी चालेल’ ही पातळी आधीच दोघांनी मिळून ठरवा. डब्यात घरचं काहीतरी पोटभरीचं आणि एक फळ, बस्स. आठवड्यातून दोनदा तेच थालीपीठ गेलं तरी मुलं जगतात. तुमच्या पद्धतीने झालं नाही आणि झालंच नाही, यातला फरक मात्र सोडू नका. चार्ट पेपर विसरला तर बाई रागावतील, रागावू देत, पुढच्या वेळी बाबा आदल्या दिवशी आणून ठेवतील. औषधं आणि लसी यांत असे प्रयोग नकोत. तिथे तारीख दोघांच्या फोनमध्ये असू द्या.

आजी आहेत म्हणजे ओझं नाही, असं समजू नका

आजी नातवाला सांभाळतात हा मोठाच आधार. पण त्यांची बीपीची गोळी, भजनी मंडळाचे दिवस, ‘जेवताना मोबाइल देऊ नका’ हे त्यांना न दुखावता सांगणं, हेही बहुतेक वेळा सुनेलाच बघावं लागतं. साधा नियम: ज्याची आई, त्याने बोलायचं. सासूबाईंना मुलाने सांगितलेलं टोचत नाही, सुनेने सांगितलेलं महिनाभर लक्षात राहतं.

कॅलेंडर, फ्रिजवरचा फळा, यादीचं अ‍ॅप यांवर फार विसंबू नका. भरणारी व्यक्ती एकच असेल तर ती आणखी एक वही झाली. तसंच, रविवारी मैत्रिणींबरोबर जाताना फ्रिजवर सूचनांचा कागद चिकटवून जाऊ नका. ती सुट्टी नसते, आदल्या दिवशीचा ओव्हरटाइम असतो. घरच्यांना भात कुठल्या डब्यात आहे ते सापडेल.

रात्री अकराला विषय काढू नका

दोघं दमलेले असताना ‘मीच का सगळं बघायचं’ असं सुरू झालं की भांडण दहा वर्षांपूर्वीच्या साखरपुड्यापर्यंत जातं. आठवड्यातली एक शांत वेळ पकडा आणि तक्रार न करता फक्त एका कामाच्या सगळ्या पायऱ्या मोठ्याने सांगा. स्नेहसंमेलनाचा ड्रेस म्हणजे नेमकी किती कामं, हे ऐकून बरेच नवरे खरंच गप्प होतात.

एक गोष्ट मात्र वाटणीने सुटणारी नाही. बाळ झोपलं तरी झोप लागत नाही, कशातच मन रमत नाही, विनाकारण रडू येतं, असं दोन आठवडे चाललं तर त्याला ‘आईपण असंच असतं’ म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले तर लगेच घरातल्या कोणाला तरी सांगा, एकटं राहू नका.

सगळीकडे स्वतःचाच नंबर देऊ नका

ही चूक सर्वात किरकोळ दिसते आणि सगळ्यात जास्त छळते. शाळा, रिक्षावाले काका, पाळणाघर, क्लास, दवाखाना: फॉर्मवर पहिला नंबर आईचा. मग मुलाला उलटी झाली की फोन तुम्हाला, व्हॅन बंद पडली की तुम्हाला, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे शंभर मेसेजही तुम्हालाच. जूनमध्ये फॉर्म भरताना पहिला नंबर बाबांचा लिहा. शाळा सवयीने तुम्हालाच फोन करेल, तर ‘त्यांच्या बाबांना लावा’ म्हणून नंबर द्या आणि फोन ठेवा. वर्गाच्या ग्रुपवर दोघं असाल तर एकाने तो म्यूट करायचा आहे, आणि तो एक म्हणजे तुम्ही. नवरा बोटीवर किंवा आखाती देशात असेल तर प्रत्यक्ष धावपळ त्याला जमणार नाही. पण फी, विमा, रेल्वेची तिकिटं, औषधांची ऑनलाइन ऑर्डर, पुस्तकांची यादी, गॅसचा नंबर लावणं हे सगळं त्याला तिकडूनही बघता येतं.