हॉबी किटचा धंदा काढताय? मागणीचा अंदाज बांधताना या चुका टाळा

लातुरात भरतकामाचे किट विकते म्हणून नव्यानं सुरू करणाऱ्या माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेला: "ताई, पहिल्यांदा किती नग बनवू?" खरं तर आकडा त्यांनी मनात आधीच पक्का केलेला असतो, मी फक्त मान हलवायची असते. मी हलवत नाही. कारण तो आकडा बहुतेक वेळा 'वा, वा' मोजून काढलेला असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ओळखीतल्या एका ताईंनी दिवाळीच्या तोंडावर किटचा नमुना व्हॉट्सॲप स्टेटसला टाकला. जावा, भाच्या, भिशीतल्या बायका, सगळ्यांची उत्तरं आली: "खूपच सुंदर", "मला एक पाहिजे", "माझ्या नावानं दोन ठेवा". ताईंनी एकूणएक नाव वहीत उतरवलं. यादी दीडशेच्या पुढे गेली, तसा त्यांनी पुण्याच्या बोहरी आळीतून दोनशे किटचा माल उचलला. छापील खोकी घेतली पाचशे, कारण छापणारा त्याखाली ऑर्डर घेईना. मग किंमत कळवली आणि गाडं तिथंच अडलं. कुणी "दिवाळी झाल्यावर बघू" म्हणालं, कुणी "सूनबाईला विचारते". यादीतल्या चाळीस जणींनीसुद्धा पैसे दिले नाहीत. उरलेला माल पलंगाखाली गेला. पावसाळ्यात दमट हवेनं कापड ताणून धरायच्या बांबूच्या रिंगा वाकल्या, आतली रिंग बाहेरच्या रिंगेत बसेना.

त्या बायका खोटं बोलत नव्हत्या. किंमत न सांगता विचारलं की माणूस कौतुकच करतो, आणि आपल्याकडे घरच्या माणसाला तोंडावर 'नको' म्हणायची पद्धत नाही. म्हणून नवीन डिझाइनच्या फोटोवरच मी कुरिअरसकट किंमत लिहिते, थोडे पैसे आगाऊ मागते आणि माल भरण्याआधी पंधरा दिवस वाट बघते. शंभर रुपये आले तरी चालतात. पैसे आले की नाव वहीत चढतं, माल देता आला नाही तर रक्कम त्याच दिवशी परत. नातेवाइकांचं पान वेगळं ठेवते आणि त्याची बेरीज अंदाजात धरत नाही. "एवढं थांबायला वेळ कुणाला आहे?" असं म्हणणाऱ्या मुली दर वर्षी भेटतात. पंधरा दिवस दम निघत नसेल तर या धंद्यात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हळदीकुंकवाच्या वाणाची मोठी ऑर्डर आली म्हणून दर महिन्याला तेवढंच खपेल असं धरू नका. संक्रांत ते रथसप्तमी संपली की ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षापर्यंत दिसत नाही.

सुरुवातीलाच आठ डिझाइन काढू नका. दोन पुरेत.

मुलांसाठी किट काढायचं असेल तर आधी नियम वाचा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) प्रमाणपत्र सक्तीचं आहे. तुमचं किट त्यात बसतं का, हे कळण्याआधी शाळांच्या पटसंख्येवर गणित मांडण्यात अर्थ नाही.

दुसरी चूक पंचांगाची, आणि ती बघून माझा जीव खरंच तुटतो, कारण त्यात चांगला माल वाया जातो. महालक्ष्म्यांसाठी, म्हणजे भाद्रपदातल्या गौरींसाठी, तोरणाचं किट एकीनं सणाच्या आठ दिवस आधी बाजारात आणलं. दोन-तीन नग गेले आणि "आपल्याकडे याला मागणीच नाही" म्हणून तिनं ते बंद केलं. अहो, घरचं सगळं करून संध्याकाळी तासभर टाके घालणाऱ्या बाईला ते तोरण पुरं करायला तीन आठवडे लागतात! तयार तोरण आठ दिवस आधी खपतं, किट श्रावण लागायच्या आधी खपतं. सणाच्या तारखेतून करायला लागणारे दिवस वजा करा, वर कुरिअरचे दिवस वजा करा, मगच मागणी मोजा.

दिवाळीचं गणित आणखी वेगळं. लातूर, धाराशिव, नांदेडकडे सोयाबीन अडतीवर गेल्याशिवाय बाजारात पैसा फिरत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं मराठवाड्यातली उभी पिकं गेली. अशा वर्षी मागच्या दिवाळीचा आकडा समोर ठेवून माल भरायचा नसतो.

पहिल्या विक्रीवर भाळणं ही तिसरी. किट भेट म्हणून जातं, घेणारी एक आणि करणारी दुसरी. महिन्याभरानं मी फोन करून "झालं का?" विचारते, फोटो मागवते. एकदा कापड आकसल्याचे आणि दोरा अर्ध्यात संपल्याचे फोटो लागोपाठ आले. दोऱ्याच्या लडीत सहा पदर असतात, त्यातले दोन सोडवून घ्यायचे, हे नवशिक्यांना माहीतच नव्हतं. आता ते चित्रासकट पहिल्या पानावर आहे. ज्यांचं काम पुरं होतं त्याच दुसरं किट मागतात, आणि पुढच्या खेपेचा अंदाज मी या दुसऱ्या मागणीवर बांधते: आठवड्याला जातात तेवढे नग, गुणिले पुण्याहून माल यायला लागणारे आठवडे, वर थोडे जास्तीचे.

सामान घेतानाही सुटं विकता येईल असंच घ्या. रिंग, सुया, मॅटीचं कापड, दोरे कुठल्याही डिझाइनला चालतात. छापील खोकी सगळ्यात शेवटी. तोवर साधा खाकी डबा आणि स्टिकर पुरतं. कमाल किंमत, आतले नग, तयार केल्याचा महिना आणि वर्ष, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर पाकीटबंद मालावर द्यावाच लागतो, आणि ते सगळं एका स्टिकरवर मावतं.