आरसे काढा, मग ट्रॅकवर या

चाळीसगावहून कन्नडला जाताना औट्रम घाट लागतो. आमच्याकडे त्याला कन्नड घाटच म्हणतात. या घाटात मी एकोणीस वर्षं गाडी चालवतोय. आधी स्प्लेंडर, मग पल्सर, २०१९ पासून आर१५. माझं मेडिकल आहे, त्यामुळे संभाजीनगरला होलसेलरकडे महिन्यातून दोन चकरा ठरलेल्या. २०२३ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानं घाटात अवजड गाड्या बंद झाल्या, तेव्हापासून रस्ताही मोकळा आणि माझा हातही. तरी एका ठराविक डाव्या वळणात अर्ध्यावर गेलं की पोटात गोळा यायचा, रेस आपोआप सुटायची आणि गाडी पलीकडच्या लेनकडे सरकायची. त्या एका वळणापायी मी वयाच्या ४३ व्या वर्षी चेन्नईला, शर्यतीच्या ट्रॅकवर मोटारसायकल चालवायला शिकवणाऱ्या शाळेत जाऊन आलो. आबा म्हणाले, "एकोणीस वरीस व्हयनात गाडी चालावस, आते शाळामा जास?" म्हणजे एकोणीस वर्षं गाडी चालवतोस आणि आता शाळेत जातोस? त्यांना उत्तर देता आलं नाही. तुमच्या घरीही हेच विचारतील, तयारी ठेवा.

आधी ट्रॅक कुठला, ते बघू. आपल्याकडे नवशिक्यांच्या शाळा भरतात त्या मुख्यतः दक्षिणेत. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टई इथं १९९० पासूनचा ट्रॅक आहे, ३.७ किलोमीटर आणि १२ वळणं. कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा, लहान गाड्यांना बरा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटर, तिथं सरळ पट्टे इतके लांब की दीडशे सीसीवाल्याला शिकण्याऐवजी कंटाळाच यायचा. पहिल्यांदा जाणाऱ्यानं चेन्नई किंवा कोइंबतूर धरावं, असं माझं मत. आणि "ट्रॅक डे" म्हणजे शाळा नव्हे. ट्रॅक डेला पैसे भरून नुसत्या चकरा मारायच्या असतात. शाळेत शिक्षक तुमच्या मागून गाडी चालवतो, तुमची चूक बघतो आणि खाली उतरल्यावर सांगतो. नाव नोंदवताना हे विचारून घ्या: एका शिक्षकामागे विद्यार्थी किती, दिवसात सत्रं किती, सूट भाड्यानं मिळतो का, गाडी पडली तर खर्च कुणाचा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक "तुमचा" असंच येतं. गाडीचा नेहमीचा विमा शर्यत आणि वेगचाचणीला लागू होत नाही. पॉलिसी काढून वाचा, छापलेलं असतं.

गाडी नेण्याबद्दल एकच सांगतो: चालवत जाऊ नका. हजार-बाराशे किलोमीटर सरळ हायवेवर मागचं टायर मधोमध घासून चपटं होतं, आणि वळणात तर त्याच्या कडा लागणार असतात. वर अंग आंबलेलं. अहमदाबादहून चेन्नईला जाणारी नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळ करतच जाते, साधारण एका दिवसाचा प्रवास. गाडी पार्सलनं टाका. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसीची झेरॉक्स आणि ओळखपत्र लागतं, आणि गोणपाटात बांधणारे लोक पार्सल ऑफिसपाशीच भेटतात. टाकी आणि फेअरिंगला, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या आवरणाला, आधी घरची जुनी गोधडी बांधा, गोणपाट त्यावरून. लहान स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात मोटारसायकल चढत नाही. म्हणून भुसावळ बरं. दोन-चार दिवस आधी पाठवा, कारण पार्सल तुमच्याच गाडीत चढेल याचा भरवसा नसतो. हे सगळं नको असेल तर शाळेचीच गाडी भाड्यानं मिळते का, ते पाहा. पण दोष ज्या गाडीवर आहे त्याच गाडीवर तो सुटलेला बरा, म्हणून मी आपली नेली.

गाडीची तयारी घरीच करा. ब्रेक पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत, ब्रेक ऑइल नवं, चेनचा ढिलेपणा पुस्तकात दिलाय तेवढा, ऑइलचा एक थेंबही गळता कामा नये. हेडलाइट आणि इंडिकेटरच्या काचांवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे गाडी पडली तर तुकडे ट्रॅकवर पसरत नाहीत. आमच्या शाळेनं इंजिन थंड ठेवणारं कूलंट काढून साधं पाणी भरायला सांगितलं होतं. कूलंट सांडलं की रस्ता बुळबुळीत होतो आणि मागून येणारा घसरतो. आरसे आणि नंबर प्लेट काढायची. आरसा काढल्यावर पहिला अर्धा तास मान सारखी उजवीकडे वळत राहते, पण मागच्याची काळजी मागच्यानं घ्यायची, हाच ट्रॅकचा नियम.

आता अंगावरचं. लेदरचा एकसंध सूट, पाठीचं संरक्षण, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, फुल फेस हेल्मेट. माझ्या हेल्मेटला खटक्याचं बकल होतं. शाळेनं डबल डी रिंगचंच, म्हणजे पट्टा दोन कड्यांतून ओवायचंच मागितलं होतं. मी तो मेल नीट वाचला नव्हता, म्हणून दिवसभर दुसऱ्याचं हेल्मेट घालून फिरलो. सूट भाड्यानं घेताना उंची, छाती आणि कंबर खरी सांगा. मी कंबर दोन इंच कमी सांगितली आणि चेन ओढायला दोन पोरं लागली. सूट वाकून बसण्याच्या बेतानं शिवलेला असतो, उभं राहिलं की आवळतोच. त्यामुळे उभ्यानं ठरवू नका, गाडीवर बसून बघा. आणि आतून सुती बनियन घालू नका. कापसाच्या मुलखातला माणूस सांगतोय हे, पण घामानं बनियन अंगाला चिकटतं आणि सूट निघत नाही. पातळ, पूर्ण बाह्यांचा ड्रायफिट घाला.

जायच्या आधी महिनाभर सराव करा, पण घाटात नाही. उन्हाळ्यात कापसाचं जिनिंग बंद असतं, तिथलं काँक्रीटचं आवार ओळखीनं मागून घ्या आणि आधी झाडून काढा. चुन्याच्या खुणा करा. तीस-चाळीसच्या वेगानं येऊन पुढचा ब्रेक एकदम न आवळता दाबत-दाबत वाढवायचा. गुडघ्यांनी टाकी धरायची आणि हात सैल सोडायचे. दोन पोत्यांमधून इंग्रजी आठचा आकडा काढायचा. डावीकडे वळायचं तर हँडलची डावी बाजू पुढे ढकलायची, हे ऐकायला उलटं वाटतं, पण चालत्या दुचाकीला तसंच वळवलं जातं. आपण सगळे नकळत तेच करत असतो. मुद्दाम केलं की गाडी झटकन झुकते.

ट्रॅकवरचा दिवस उजाडताच सुरू होतो. फॉर्म भरायचा, रक्तगट लिहायचा, जबाबदारी माझी म्हणून सही करायची, मग गाडीची तपासणी. त्यानंतर झेंडे. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे सत्र थांबलं, हळू होऊन पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या बाजूला गाड्या थांबवायच्या जागेत या. लाल-पिवळे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. तुम्ही आपली रेघ, म्हणजे ट्रॅकवरची आपली वाट, धरून चला, उगाच बाजूला होऊ नका. काळा-पांढरा चौकटींचा म्हणजे सत्र संपलं. झेंडेवाले कुठे उभे आहेत, ते पहिल्याच चकरेत हेरून ठेवा.

मग गट पाडतात. एक गट वर्गात, एक ट्रॅकवर, एक पाणी पीत. सत्र पंधरा-वीस मिनिटांचं. ऐकायला कमी वाटतं, पण तिसऱ्या सत्रानंतर मांड्या थरथरायला लागतात. कीथ कोड यांनी १९८० मध्ये अमेरिकेत काढलेल्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलमध्ये पहिल्या पायरीला पाच धडे असतात: रेसवर ताबा, वळण कुठे सुरू करायचं ती खूण, एकाच झटक्यात वळवणं, हातांची ढवळाढवळ थांबवणं आणि नजरेचे दोन टप्पे. इतर शाळांतही थोड्याफार फरकानं हेच येतं. आमच्या पहिल्या सत्रात एकच गिअर आणि ब्रेक अजिबात नाही. सरळ पट्ट्यावर भन्नाट पळवून वळणापाशी ब्रेक मारायची सवय असलेल्याला हे अपमानास्पद वाटतं. पण ब्रेक नाही म्हटल्यावर वळणात किती वेगानं शिरायचं, हे आधीच ठरवावं लागतं, आणि सगळी मेख तिथंच आहे.

माझ्या पोटातल्या गोळ्याचं कारण दुसऱ्या सत्राच्या आधी, खडूनं फळ्यावर कळलं. वळणात रेस सोडली की वजन पुढच्या चाकावर येतं, पुढचा शॉक दबतो आणि गाडी वळणाबाहेर जायला बघते. हलकी, सलग वाढती रेस ठेवली की वजन मागच्या रुंद टायरवर राहतं आणि गाडी आपली रेघ सोडत नाही. म्हणजे घाटात घाबरून मी जे करत होतो, त्यानंच घाबरायची वेळ येत होती. कळलं, तरी हाताला कळायला अजून दोन सत्रं लागली.

मधल्या एका सत्रात उजव्या वळणातून बाहेर पडताना मी डावीकडच्या गवताकडे पाहिलं. एवढंच, फक्त पाहिलं. पुढच्या क्षणी मी गवतात होतो. नजर जाते तिकडे गाडी जाते. गवतात शिरलात तर पुढच्या ब्रेकला बोट लावू नका, गाडी उभी ठेवा, वेग आपोआप मरू द्या, मग हात वर करून हळूच या आणि थेट पिटमध्ये जा, टायरला माती लागलेली असते. शिक्षक रागावले नाहीत. "कशाकडे बघत होतास?" इतकंच विचारलं. पुढच्या सत्रात ते माझ्या पुढे चालले आणि आपल्या सीटवर थाप मारली: माझ्या मागं ये. वळणात शिरायच्या आधी त्यांचं हेल्मेट आतल्या कडेकडे वळायचं, आणि गाडी झुकताच आतली कड सोडून बाहेर पडायच्या जागेकडे. तिथून पुढे मी त्यांच्या मागच्या चाकाकडे नाही, हेल्मेटकडे बघत चाललो.

उन्हाबद्दल आपल्याला गर्व असतो, जळगावचा पंचेचाळीस अंशाचा मे काढलेली माणसं आपण. पण चेन्नईची हवा दमट, घाम सुकतच नाही, आणि लेदरमध्ये माणूस उकडून निघतो. प्रत्येक सत्रानंतर ओआरएस घ्या, तहान लागायची वाट पाहू नका. रेल्वेत खायला दशम्या आणि ठेचा न्या, पण ट्रॅकच्या दिवशी ठेचा नको. दुपारी पोटभर भात जेवून लेदर चढवलेला एक जण पुढच्या सत्राला उठलाच नाही. शेवटच्या सत्राआधी दमला असाल तर जाऊ नका. पैसे भरलेत म्हणून मी गेलो आणि दोन वळणांच्या खुणा विसरलो.

परतीला पाणी काढून कूलंट भरायचं ध्यानात ठेवा, आणि आरसे, नंबर प्लेट आणि त्यांचे नट एका डबीत घालून जवळच्या बॅगेत ठेवा, पार्सलमध्ये नाही. भुसावळला गाडी उतरवली तेव्हा टाकी कोरडी होती. पंपापर्यंत ढकलत नेली. आरसे लावायला पाना आणलाच नव्हता, तो पंपावरच्या पंक्चरवाल्याकडून घेतला. त्यानं टायरच्या कडेला गोळा झालेलं रबर बोटानं खरवडून पाहिलं आणि विचारलं, "भो, कुठल्या घाटातून आला?"