रविवारची डोकेदुखी आणि संध्याकाळचा मग

दर रविवारी दहाच्या सुमारास माझं डोकं ठणकायला लागायचं. फक्त रविवारीच. चष्म्याचा नंबर तपासून झाला, उशी बदलून झाली. मग एकदा उजेड पडला: एरवी सकाळी सहाला पोटात जाणारी कॉफी रविवारी उशिरा उठल्यामुळे साडेदहाला जायची. कॅफिनची सवय असलेल्या शरीराला ते मिळालं नाही, की १२ ते २४ तासांत डोकं धरतं. त्यावर मी जी गोळी घ्यायचे, तिच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: पॅरासिटामॉल, सोबत ६५ मिलिग्रॅम कॅफिन. औषध म्हणून मी चक्क कॉफीच गिळत होते!

तुम्हालाही कॅफिन आटोक्यात आणायचं असेल, तर आधी कप मोजा. खरंच मोजा. आपला नेहमीचा कप पाण्याने भरा आणि ते पाणी मापाच्या भांड्यात ओता. माझा 'एक कप' ३३० मिलिलिटरचा निघाला. गाळलेल्या कॉफीच्या २४० मिलिलिटरमध्ये साधारण ९५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे माझ्या मगात १३० च्या आसपास. १५० मिलिलिटर चहात साधारण ३०. पूड किती, उकळी किती, यावर हे आकडे बरेच हलतात, पण अंदाजाला पुरतात. कोला, एनर्जी ड्रिंक, डार्क चॉकलेट हेही धरा.

मग आठवडाभर काय प्यायलं ते वेळेसकट लिहा. माझी रोजची बेरीज: दोन मग, तीन चहा, ३५० मिलिग्रॅम. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० पर्यंत चालतं, म्हणून मी खूश. (गरोदरपणात ही मर्यादा २०० आहे.) तरी रात्री एकपर्यंत डोळा लागायचा नाही, कारण दुखणं बेरजेत नव्हतं, घड्याळात होतं.

दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि त्यामुळे झोप येते. कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, फक्त कळेनासा होतो. आणि प्यायलेल्यातलं निम्मं कॅफिन उतरायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या मगातलं ६५ मिलिग्रॅम अकरा वाजता अंगात शिल्लक! दोन कप चहा पिऊन अंथरुणाला पाठ टेकल्यासारखंच की. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर ते आणखी रेंगाळतं. 'मला काही होत नाही, मी कॉफी पिऊनही झोपतो' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. झोप लागते हो, पण ती उथळ असू शकते.

म्हणून कात्री आधी शेवटच्या कपाला लावा. एकदम तोडू नका, मी तो पराक्रम केला होता. दुसऱ्या दिवशी डोकं, चिडचिड, आणि साध्या बेरजाही चुकत होत्या. हा त्रास आठवडाभर रेंगाळू शकतो. त्यापेक्षा दर आठवड्याला पाव मग कमी करा. हातात गरम काहीतरी हवंच असेल, तर तेवढी भर डिकॅफची, म्हणजे कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीची घाला. त्यातही थोडं कॅफिन असतं, पण नगण्य.

रक्तात लोह कमी असेल, तर चहा-कॉफी जेवणाला चिकटून नको, तासाभराचं अंतर ठेवा. त्यातले टॅनिनसारखे घटक अन्नातलं लोह नीट शोषू देत नाहीत. छातीत धडधड होत असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर माझं ऐकत बसू नका, डॉक्टरांना विचारा.

माझा संध्याकाळचा मग चौथ्या आठवड्यात सुटला. सकाळचा ३३० मिलिलिटरचा मात्र काठोकाठ भरतो, आणि तो मी सोडणार नाही.